केलेले जाणणारा : शाळेतील हस्तकला आणि कृतज्ञतेचा धडा

शाळेत मुलांना कृतज्ञता शिकवावी काय? आणि शिकवावी तर ती कोणाविषयी? वरवर पाहता हा प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'मायबाप, तुमचे उपकार' एवढेच वाक्य पाठ करावयास लावले गेले, त्या समाजाच्या दृष्टीने तो किरकोळ नाही.

प्रश्न उपस्थित होण्याचे कारण असे. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने इयत्ता पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'आनंददायी शनिवार' नावाचा उपक्रम जाहीर केला. शनिवारी पाठ्यपुस्तकांचा भार कमी करून मुलांकडून ध्यान, श्वसनाचे अभ्यास, खेळ, नातेसंबंध सांभाळण्याची कौशल्ये आणि 'माइंडफुलनेस'वर आधारलेल्या कृती करवून घ्याव्यात, अशी ती योजना आहे. जिल्हा परिषदेची शाळा जेथे जेथे आहे तेथे तेथे असा शनिवार पोहोचावा, अशी अपेक्षा आहे. जालना जिल्ह्यातील आमच्या भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराच्या बाजूला असलेले धावडा हे गावही त्यात आले. कापूस, मका आणि मिरची पिकविणारा हा मुलूख. येथील मुलांना मन ताळ्यावर ठेवण्याचे शिक्षण मिळणार असेल, तर आपण बौद्धांनी आनंदच मानला पाहिजे. 'सम्मा सति' हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. ते परदेशातून नवे नाव घेऊन परत आले, एवढेच.

अशा तासाला शिक्षक बहुधा रंगीत कागद, कात्री आणि डिंक घेऊन बसतात. तपकिरी कागदाचे खोड भिंतीवर चिकटवितात. मुले हिरव्या कागदाची पाने कातरतात आणि ज्यांचे आभार मानावयाचे त्यांचे नाव एकेका पानावर लिहितात. ह्याला 'आभाराचे झाड' म्हणतात. कोठे आभारपत्रे करतात, कोठे बरणीत रोज एक चिठ्ठी टाकतात. कल्पना वाईट नाही. मुलांचे हात चालतात, चित्त एका जागी राहते, आणि भिंतही जरा बरी दिसते. माझा आक्षेप कागदाला नाही, पानांवरच्या नावांना आहे. आई, बाबा, देव, गुरुजी, सीमेवरचा जवान, शेतकरी राजा, मोठे साहेब ही नावे मुलांना आपोआप सुचतात, कारण तीच आपण त्यांच्या कानी घातली आहेत. शाळेची खिचडी शिजविणाऱ्या बाईचे नाव कोणत्या पानावर येते? उन्हात कंबर मोडेस्तोवर कापूस वेचणाऱ्या मजूर बाईचे? विहीर खोदणाऱ्याचे? गावची नाली उपसणाऱ्याचे? सकाळी धाकट्या भावाला न्हाऊ घालून, भाकरी बांधून, मग धापा टाकीत शाळेत येणारी मुलगी तर त्याच वर्गात बसलेली असते. तिचे नाव कोणी लिहीत नाही, आणि स्वतःचे नाव लिहावे हे तिला सुचत नाही.

आपल्यातील काही तरुण कार्यकर्ते ह्यावर एका झटक्यात निकाल देतात. ते म्हणतात, आपल्या मुलांना कृतज्ञता शिकवूच नका, हक्क शिकवा; कृतज्ञतेच्या नावाखालीच आपल्या बापजाद्यांना वाकविले. ह्या म्हणण्यामागचा संताप मला समजतो, कारण तो मी स्वतः भोगला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतरचे ते वर्ष होते. मी तिसरीत होतो. शाळेचे आणि त्या गृहस्थांचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशा शाळा तेव्हा गावोगाव होत्या. एका सधन गृहस्थांनी आमच्या वस्तीतील सात मुलांना पाट्या देण्याचे ठरविले. समारंभापूर्वी आठ दिवस हस्तव्यवसायाच्या तासाला आम्हा सात जणांकडून पतंगी कागदाचे हार करवून घेतले. इतर मुले त्या तासाला मातीचे बैल करीत होती. समारंभाच्या दिवशी आम्हाला रांगेत उभे केले. एकेकाने पुढे जावयाचे, स्वतः केलेला हार त्यांच्या गळ्यात घालावयाचा, पाया पडावयाचे, पाटी घ्यावयाची आणि 'आपले उपकार जन्मभर विसरणार नाही' असे मोठ्याने म्हणावयाचे. मी ते इतक्या मोठ्याने म्हटले की टाळ्या पडल्या.

संध्याकाळी आईला पाटी दाखविली. तिने विचारले, "कोणं दिली?" मी नाव सांगितले. "त्याह्यच्याकडं पैसा कुठून आला?" मी म्हणालो, "कपाशीचा." "अन् कपाशी कोणं येचली?" मी गप्प राहिलो. दिवाळीच्या सुट्टीत तिच्याबरोबर ओट्यात कापूस धरून मीही त्याच शेतात उभा होतो. आई पुढे म्हणाली, "पाटी चांगली हाय, फोडू नको. त्यांनी दिली हे ध्यानात ठेव. आपून येचली हे बी ध्यानात ठेव."

आईला अक्षरओळख नव्हती. पुढे पालीचा थोडा अभ्यास केला तेव्हा मला कळले की तिने मला जे सांगितले तेच धम्माच्या शब्दात आधीपासून आहे. पालीत कृतज्ञाला 'कतञ्ञू' म्हणतात. 'कत' म्हणजे केलेले, आणि 'ञू' म्हणजे जाणणारा. जे केले गेले आहे ते जाणतो तो कतञ्ञू. त्याच्याच जोडीला 'कतवेदी' हा शब्द येतो. जाणलेले जो प्रकट करतो, कृतीने कळवितो, तो कतवेदी. अंगुत्तर निकायात भगवंतांनी जगात दुर्लभ अशी दोन माणसे सांगितली आहेत. एक, कोणी काही करण्याआधी आपण होऊन भले करणारा. आणि दुसरा, केलेले जाणणारा व प्रकट करणारा. ह्या दोन शब्दांत कोठेही वाकणे नाही, गळ्यात हार घालणे नाही, जन्मभराचा करार नाही. त्यांच्या मुळाशी ज्ञान आहे. आपल्या बोलीतील 'उपकार' ह्या शब्दाची संगत पाहा. उपकाराचे ओझे होते, उपकाराखाली माणूस दबतो, मिंधा होतो, आणि उपकार फेडावे लागतात. सगळी भाषा सावकाराच्या वहीतली! जी कृतज्ञता माझ्याकडून समारंभात वदवून घेतली ती ह्या वहीतली होती. आईने सांगितलेली कृतज्ञता पूर्ण हिशेब मागत होती, आणि पूर्ण हिशेबात देणाऱ्याचेही नाव होते. तिने ते गाळले नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

म्हणून कृतज्ञता टाकून द्या, असे म्हणणाऱ्या तरुण मित्रांशी माझा मतभेद आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी ती टाकली नाही. तिची सीमा आखून दिली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात विभूतिपूजेच्या धोक्याविषयी बोलताना ते म्हणाले की, देशाची आयुष्यभर सेवा केलेल्या थोर पुरुषांविषयी कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, परंतु कृतज्ञतेलाही मर्यादा आहेत. तेथे त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओ'कॉनेल ह्यांचा दाखला दिला. आत्मसन्मान देऊन पुरुषाला, शील देऊन स्त्रीला आणि स्वातंत्र्य देऊन राष्ट्राला कृतज्ञ होता येत नाही, असा त्याचा आशय आहे. हे भाषण आपण राजकारणाच्या संदर्भात नेहमी उद्धृत करतो. तिसरीच्या वर्गालाही ते तितकेच लागू आहे हे आपल्या ध्यानात येत नाही. जो धडा गिरविताना मुलाची मान खाली जाते तो ह्या सीमेच्या पलीकडचा समजावा.

आणि बाबासाहेबांनी स्वतः कोणाचे स्मरण केले? त्यांच्या ग्रंथांच्या अर्पणपत्रिका पाहाव्यात. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा ग्रंथ त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. पाकिस्तानवरील ग्रंथ रमाईंना. १९४६ चा शूद्रांविषयीचा ग्रंथ महात्मा जोतीराव फुल्यांना. १९४८ चा अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्या तिघांना. ज्यांनी हाडाची काडे करून शिकविले ते आईबाप, उपासमारीत साथ दिलेली पत्नी, वाट दाखविणारा माळी, आणि अस्पृश्यांत जन्मलेले तीन संत, ज्यांतला एक चामड्याचे काम करणारा होता. हेच त्यांचे आभाराचे झाड. त्याच्या पानांवर एकही नाव धाकाने लिहिलेले नाही.

आता हस्तकलेकडे येतो. येथेही सावध राहिले पाहिजे, कारण हातकाम ही आपल्या देशात कधीच निव्वळ हातकाम राहिलेली नाही. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या विवेचनात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातिसंस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. कोणी कोणते काम करावे हे आवडीवरून वा कुवतीवरून ठरत नाही, जन्मावरून ठरते. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, वर्धा येथे गांधीजींच्या पुढाकाराने हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना मांडली गेली आणि डॉ. झाकीर हुसेन ह्यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. तिच्या पुरस्कर्त्यांचा हेतू प्रामाणिक असेल. हाताला विद्येत जागा मिळावी हे म्हणणे खरेही आहे. पण ज्यांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या कामावाचून दुसरे काही मिळालेच नाही, त्यांना भीती वाटली तर नवल काय? ती भीती पोकळ नव्हती. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि त्यांच्या अनुयायांनी तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून झोडपले, आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. न्हाव्याच्या मुलाला वस्तरा आणि ब्राह्मणाच्या मुलाला पोथी, असाच त्याचा शेवट झाला असता.

एवढे दूर कशाला जा? शाळेच्या स्वच्छतेच्या दिवशी खराटा कोणाच्या हाती जातो आणि रांगोळी कोणाच्या हाती, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या शाळेत डोळे उघडे ठेवून पाहावे. माझे म्हणणे असे की, वर्गात हस्तकला घ्यावयाची तर पहिली अट ही की कोणत्याही मुलाला त्याच्या आज्याचे काम 'तुमचे' म्हणून देऊ नये. पाटलाच्या मुलीने केरसुणी बांधावी, मातंगाच्या मुलाने कागदाचे विमान करावे, बौद्धाच्या मुलाने बैल करावा, कुंभाराच्या मुलाने सुई धरावी. मातीचे बैल करण्याची माझी हौस तशीच राहून गेली, हे जाता जाता सांगून टाकतो.

ही अट पाळली तर धम्माचा हस्तकलेला विरोध नाही. उलट पाठबळ आहे. महामंगल सुत्त आपल्या विहारांतून नित्य म्हटले जाते. त्यातील अडतीस मंगलांत 'सिप्प', म्हणजे शिल्प किंवा हस्तकौशल्य, हे एक मंगल आहे. आणि 'कतञ्ञुता' हे दुसरे. दोन्ही एकाच सुत्तात आहेत, पण ती एकत्र आणून आपण कधी विचार केला काय? सिगालोवाद सुत्तात मुलांना शिल्प शिकविणे हे आईबापांचे कर्तव्य म्हटले आहे, आणि आचार्याने शिष्यापासून कोणतेही शिल्प लपवून ठेवू नये असे सांगितले आहे. अमुक शिल्प अमुक कुळाचे, अशी अट तेथे नाही. भिक्खूंच्या चीवराची कथा तर प्रसिद्ध आहे. मगधातील बांध घातलेली शेते दाखवून भगवंतांनी आनंदाला विचारले, अशा आखणीचे चीवर करता येईल काय? आनंदाने तुकडे कापून, जोडून, तसे चीवर करून दाखविले. ज्याला आपण धम्माचे भांडारी म्हणतो तो आनंद उत्तम शिवणकाम करीत होता.

सर्वांत बोलका दाखला मात्र सतिपट्ठान सुत्तातला आहे. श्वासाकडे लक्ष कसे ठेवावे हे सांगताना भगवंतांनी दृष्टान्त दिला तो लाकडाचे कातकाम करणाऱ्या कारागिराचा, आणि त्याच्या शागिर्दाचाही. लांब फेरा देताना आपण लांब फेरा देत आहोत हे तो जाणतो, आखूड फेरा देताना आखूड देत आहोत हे जाणतो. राजाचा नाही, पुरोहिताचा नाही, चरकावर बसलेल्या कामगाराचा दृष्टान्त! हाताने काम करणाऱ्याचे लक्ष हेच ध्यानाचे माप म्हणून तेथे धरले आहे.

ह्या दृष्टीने पाहिले तर सतीचा जो अर्थ हल्ली शाळांतून पोहोचतो तो मला अपुरा वाटतो. काही वर्षांपूर्वी शासन आणि विपश्यना विशोधन विन्यास ह्यांच्या वतीने 'मित्र उपक्रम' सुरू झाला. त्यात मुलांना आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास पाहणे, शिकवितात. त्याने चित्त स्थिर होत असेल तर चांगलेच आहे. मी त्याची टवाळी करणार नाही. पण पन्नास मुलांच्या वर्गाला गप्प बसविण्याची युक्ती म्हणून जेव्हा डोळे मिटावयास सांगतात, तेव्हा सतीचा निम्मा अर्थ गळून पडतो. 'सति' म्हणजेच स्मृती, विसर न पडू देणे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्यक स्मृती म्हणजे मनाची अखंड जागृती, दुष्ट वासनांवर मनाचा पहारा, असा अर्थ सांगितला आहे. पहारेकरी डोळे मिटून बसत नाही. आमच्या बोलीत ह्याला साधा शब्द आहे: ध्यानात ठेवणे. आई म्हणाली होती तोच.

तेव्हा धावड्याच्या वर्गात काय करावे? माझी एक सूचना आहे. कागदाचे झाड एखादा शनिवार बाजूला ठेवून मुलांकडून गोधडी शिववावी. आमच्याकडे वाकळ म्हणतात तीच. गोधडी शिवली जात नाही असे घर ह्या मुलखात सापडणे कठीण. आणि ती कोणत्याही एका जातीची नाही. प्रत्येक मुलाने घरून तळहाताएवढा जुना, धुतलेला कपड्याचा तुकडा आणावा. टाका घालण्यापूर्वी त्याने तुकडा हातात धरून सांगावे की हा कोणाच्या अंगावरचा, आणि तो अंगावर असताना ते माणूस काय काम करीत होते. कोणाच्या आजीचे लुगडे निघेल, कोणाच्या बापाचा सदरा निघेल, कोणाच्या ताईचे शाळेचे झंपर निघेल. मग सर्वांनी मिळून मागे मागे जावे. हे कापड कशाचे? सुताचे. सूत कशाचे? कापसाचे. सरकी कोठे निघाली, सूत कोठे कातले, माग कोणी चालविला, रंग कोणी दिला, दुकानात गठ्ठा कोणी पाठीवर वाहून आणला? आणि बोंडातून कापूस कोणी काढला? ह्या शेवटच्या प्रश्नाला धावड्यात निम्मा वर्ग हात वर करील, कारण त्यांच्या घरचेच कोणी तरी वेचणीला गेलेले असते. फळ्यावर एकेक काम लिहीत जावे. त्या यादीची लांबी हाच धडा आहे; गुरुजींनी त्यावर व्याख्यान देऊ नये.

मग टाके. सरळ धावदोरा पुरे. लांब टाका पडला तर लांब पडला हे मुलाने जाणावे, आखूड पडला तर आखूड. सुई टोचेल, दोरा गुंतेल, शेजारच्याची ओळ सरळ आणि आपली वाकडी येईल. तेव्हा मनात काय उठते तेही पाहावे. डोळे उघडे ठेवून करावयाचे हे आनापान आहे, असे मी म्हटले तर कोणी ज्येष्ठ साधक रागावणार नाहीत अशी आशा करतो.

येथे एक धोका आहे, तो लपवू नये. एखादे मूल तुकडाच आणणार नाही, कारण घरातला प्रत्येक कपडा अजून अंगावर आहे. एखाद्याच्या आईचे लुगडे दुसऱ्याच मुलाच्या आईने जुने म्हणून दिलेले असेल आणि ते दोघे त्याच वर्गात शेजारी असतील. शिक्षकाने अशा वेळी सांगण्याची सक्ती करू नये. गरिबीचे प्रदर्शन करून कृतज्ञता शिकविता येत नाही. शिक्षकाने स्वतःच्या घरून चार जास्त तुकडे आणून ठेवावेत आणि पहिला तुकडा स्वतःचा लावावा.

ह्या कामाला स्थानिक इतिहासाची जोडही देता येईल, आणि ती फार दूर शोधावी लागणार नाही. आमचा तालुक्याचा गाव भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. केळणा नदीकाठी १९७३ च्या सुमारास तेथे उत्खनन झाले तेव्हा मणी आणि हस्तिदंताची एक सुबक स्त्रीमूर्ती सापडली; तिच्यासारखीच मूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे मिळालेली आहे. सांची आणि भरहूत येथील स्तूपांवर ज्या सामान्य दात्यांची नावे कोरली आहेत त्यांत भोगवर्धनचे रहिवासीही आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीवकाम केल्याची नोंद त्या दगडावरच आहे. कार्ले येथील लेण्याचे दर्शनी दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले असे तेथील लेख सांगतो. बापाचे नाव वेणुवास. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका सुताराचे नाव, बापाच्या नावासह, आपल्याला माहीत आहे! मनूच्या व्यवस्थेत हे घडले असते काय? अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात भिक्खू बुद्धभद्राने अश्मकाचा अमात्य भव्विराज आणि आपले आईबाप ह्यांना उद्देशून ते लेणे करविल्याचे नमूद केले आहे. हीही कृतज्ञताच. पण जेथे छिन्नीचे घाव अजून दिसतात त्या भिंती खोदणाऱ्या पाथरवटांची नावे तेथे नाहीत. सहलीला गेलेल्या मुलांना गुरुजी राजाचे नाव सांगतात. त्यांनी एकदा मुलांना त्या घावांवरून दुरूनच बोट फिरविल्यासारखे करावयास सांगावे आणि विचारावे, हा माणूस डावखुरा असेल का?

आता हक्काच्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो तरुण मित्रांनी उपस्थित केला आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. शाळेतील जेवण हा मुलाचा हक्क आहे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांतून शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तेव्हा खिचडीबद्दल शासनाचे किंवा कोणा पुढाऱ्याचे आभार मुलाकडून लिहवून घेणे सर्वथा चूक होय. हक्काचे आभार मागणारा तो हक्क दान म्हणून दाखवीत असतो. पण ज्या बाईने सकाळी चूल पेटविली, तांदूळ निवडले, धुराने डोळे लाल करून घेतले, तिच्याविषयी काय? ती शासन नाही. तिचे मानधन तुटपुंजे आहे. अन्न हा माझा हक्क आहे आणि हे अन्न तिच्या हातचे आहे, ह्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि दहा वर्षांच्या मुलाला त्या एकाच वेळी कळतात. त्यापुढचे पाऊल मोठ्यांचे आहे: तिला मुलांनी कागदाचे फूल दिले म्हणून तिच्या वाढीव मानधनाची मागणी फिटत नाही.

महापरिनिब्बान सुत्तातील चुन्दाची गोष्ट मला ह्या संदर्भात नेहमी आठवते. चुन्द हा लोहाराचा मुलगा. त्याच्या घरचे भोजन भगवंतांचे अखेरचे ठरले आणि त्यानंतर त्यांना तीव्र व्याधी जडली. शरीर थकले, मृत्यू समोर आहे, आणि अशा वेळी भगवंतांना चिंता कशाची? की लोक चुन्दाला दोष देतील, किंवा चुन्द स्वतःला दोष देईल. त्यांनी आनंदाला बजावले की चुन्दाच्या मनात पश्चात्ताप राहू देऊ नकोस. बोधीपूर्वी मिळालेले भोजन आणि हे अखेरचे भोजन ह्या दोहोंचे पुण्य सारखे आहे असे त्याला सांग. घेणाऱ्याने देणाऱ्या कारागिराची लाज राखली. आमच्या सात पाट्यांच्या समारंभात ह्याच्या अगदी उलट झाले होते.

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. कृतज्ञतेचे धडे जेव्हा जेव्हा निघतात तेव्हा ते गरिबालाच दिले जातात, कारण घेणारा म्हणून तोच डोळ्यांसमोर असतो. पण श्रम घेणारा हाही घेणाराच. धावड्याच्या एकाच बाकावर शेतमालकाचा मुलगा आणि त्याच शेतात वेचणीला जाणाऱ्या बाईची मुलगी बसत असतील. फळ्यावरची यादी लांबत गेली की तो मुलगा घरी जाऊन बापाला विचारील, वेचणीचा दर कोण ठरवितो? बापाला हा प्रश्न आवडेल असे नाही. दुसऱ्या दिवशी तो शाळेत येऊन गुरुजींना जाबही विचारील. अशा वेळी गुरुजींच्या पाठीशी कोण उभे राहील? आपल्या समाजातील शिक्षकांनी एकट्याने हे अंगावर घ्यावे असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालक म्हणून आपली माणसे असतात. त्यांनी निदान त्या दिवशी शाळेत हजर राहावे.

गोधडी तीन-चार शनिवारांत पुरी होईल. मग ती कोणाला द्यावयाची असा प्रश्न येईल, आणि कोणी ना कोणी सुचवील की गटशिक्षणाधिकारी साहेब येणार आहेत, त्यांच्या खांद्यावर घालू. तेवढे मात्र करू नये. वर्गात ताप आलेल्या मुलाला पांघरावयास ती ठेवता येईल, खिचडी शिजविणाऱ्या बाईच्या नातवाला देता येईल, किंवा आणखी काही. तिसरीच्या मुलांना हे ठरविता येते. मी तिसरीत होतो तेव्हा मला कोणी विचारले असते तर ते हार कोणाच्या गळ्यात घालावयाचे हे मीही सांगितले असते.